मास्तरीण आणि बाबांच्या मिशा

सलूनमध्ये गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गळ्याभोवती एकदा कापड बांधलं, की तो म्हणेल ते खरं. पाऊस पडेल म्हणाला तरी बरोबर, पडणार नाही म्हणाला तरी बरोबर. मास्तरिणीच्या बाबांनी सगळी हयात याच नियमावर दुकान चालवलं, आणि चांगलं चालवलं. दोन खुर्च्या, समोर एक लांब आरसा, पाठीमागे तेवढाच दुसरा, बसायला एक बाक, आणि "बरोबर आहे" हे दोन शब्द, एवढंच त्यांचं भांडवल. फक्त या दोन शब्दांची सवय त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की संध्याकाळी शटर ओढून मागच्या घरात येताना ते शेवटच्या गिऱ्हाइकाचं मत शर्टावरच्या केसांसारखं बरोबर घेऊन येत. आई म्हणायची, "लोकांची डोकी कापता ती कापा. ती घरात कशाला आणता?"

एरवी यानं कुणाचं काही बिघडत नसे. भाव वाढणार की उतरणार, कुणाचा जावई कसा निघाला, असल्या गोष्टींवर बाबांचं मत रोज बदललं म्हणून घराचं काय जाणार होतं? पण या वेळी प्रश्न मास्तरिणीचा होता.

मास्तरीण हे तिचं लहानपणापासूनचं नाव. शाळेत जायला लागली तेव्हापासून ती दुकानाच्या दाराशी गिऱ्हाइकांच्या चपला रांगेत मांडून त्यांची हजेरी घेत असे. दाढी उरकून कुणी आपली चप्पल मागितली, तर "ती आत्ता तासाला बसलीय, सुटली की देते," असं म्हणून त्या भल्या माणसाला ती अनवाणी उभं करत असे. पुढे इंग्रजी घेऊन शिकली, शिकवण्याचा अभ्यासक्रमही पुरा केला. जवळपासच्या साऱ्या शाळांचे उंबरठे झिजवले. सगळीकडे एकच उत्तर, जागा निघाली की कळवू. जागा काही निघेना. तेव्हा बाबा म्हणाले, "सकाळी दुकान उघडेपर्यंत खुर्च्या रिकाम्याच असतात की."

तसा सलूनमध्ये तिचा इंग्रजीचा वर्ग सुरू झाला. मुलं बाकावर, खाली सतरंजीवर, आणि जी आधी पोचतील ती दोघं फिरत्या खुर्च्यांवर. कापडं टांगायच्या खुंटीला फळा. फळ्याकडे तोंड करून लिहिताना बाजूच्या आरशात तिला सगळा वर्ग दिसत असे. कुणी कुणाची वेणी ओढली की मागे न वळता ती त्याचं नाव घेई. बाईंच्या पाठीला डोळे आहेत, अशी मुलांमध्ये तिची ख्याती होती. शिकवण्याची रीत मात्र तिथल्या सगळ्या वर्गांसारखीच. आधी इंग्रजी वाक्य म्हणायचं, मग लगेच "म्हणजे" म्हणून त्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा, आणि मुलांनी दोन्ही एका सुरात घोकायचं. तिला तिच्या शिक्षकांनी असंच शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या. दुसरी काही रीत असते हे तिनं अभ्यासक्रमाच्या पुस्तकात वाचलं होतं, पण वाचणं निराळं आणि सतरंजीवरच्या पोरांना आवरणं निराळं.

आणि मग परदेशातल्या एका लहानशा शाळेतून तिला विचारणा आली. समुद्राकाठचं गाव, दिवसभर कामधंदा करून संध्याकाळी इंग्रजी शिकायला येणारी मोठी माणसं, एका वर्षाचा करार, राहायला शाळेच्याच वरच्या मजल्यावर खोली. तिथल्या मोठ्या बाई तिच्याशी फोनवर बराच वेळ बोलल्या. मोकळ्या स्वभावाच्या वाटल्या. शेवटी म्हणाल्या, तुमच्या सुट्टीच्या दिवशी आमच्या वर्गाचा एक तास लॅपटॉपवरून घ्या. आम्हाला तुम्ही कळाल, तुम्हाला आम्ही कळू. मग हो की नाही ते ठरवू.

झालं! त्या दिवसापासून सलूनच्या खुर्चीत बसणारा प्रत्येक माणूस परदेशाचा जाणकार झाला. ज्याचा पासपोर्टशी उभ्या जन्मात संबंध आला नव्हता तोसुद्धा तिकडच्या हवेबद्दल ठामपणे बोलू लागला. बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "पाठवा. मुलगी जग बघेल." त्या संध्याकाळी बाबा घरात आले ते मिशांवर ताव मारतच. त्यांच्या मिशा हा त्या सगळ्या रस्त्याचा अभिमान होता. दोन्ही टोकं वर वळलेली, रोज सकाळी तेल लावून कंगव्याने बसवलेली. "जाऊ दे तिला," ते म्हणाले. "मुलगी जग बघेल." दुसऱ्या दिवशी शेवटी औषधाच्या दुकानवाला येऊन बसला. त्याच्या साडूच्या ओळखीत कुणीतरी परदेशी गेलं होतं आणि आजारी पडलं होतं. बाबा आत आले ते मिशा खाली पाडून. "तिकडे आजारी पडली तर बघणार कोण?" तिसऱ्या दिवशी विमावाला म्हणाला, एकट्या मुलीला पाठवणं बरं नव्हे. बाबांचं जेवणात लक्ष लागेना. चौथ्या दिवशी बँकवाले काका पुन्हा दाढीला आले, आणि मिशा पुन्हा वर गेल्या.

"आज कोणाची मिशी लावून आलात?" असं आत्या दारातच विचारू लागली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, भावाकडेच राहायची, दुकानातले टॉवेल धुवायची आणि हसायची. हसणं हे तिचं मुख्य काम, टॉवेल फावल्या वेळात.

या सगळ्या गलक्यात मास्तरीण गप्प होती. सगळ्यांना वाटलं, बिचारी घर सुटणार म्हणून हळवी झालीय. आईनं तिच्यासाठी डाळ शिजवायच्या सोप्या युक्त्या सांगायला सुरुवात केली. आत्या म्हणाली, थंडी असली तर माझी शाल ने. पण तिच्या मनात खाण्याची भीती नव्हती, थंडीची नव्हती, एकटेपणाची तर नव्हतीच. उलट स्वतःची खोली, स्वतःची किल्ली, या विचारानं तिला गुदगुल्या होत होत्या. भीती वेगळीच होती, आणि ती कुणाला सांगायची तिला लाज वाटत होती.

एका दुपारी दुकानात कुणी नसताना तिनं आरशासमोर उभं राहून तो तास घेऊन पाहिला होता. समोरच्यांना आपली भाषा येत नाही असं धरून. पहिलं वाक्य झालं. दुसरं झालं. तिसऱ्यापाशी जीभ आपोआप "म्हणजे"कडे वळली, आणि ती थांबली. पुढे काय करायचं तेच कळेना. आरशातली बाई तिच्याकडे बघत होती आणि ती आरशातल्या बाईकडे. तेव्हा तिच्या लक्षात आलं. इतकी वर्षं आपण इंग्रजी शिकवलं म्हणतो, पण शिकवलं ते सगळं आपल्याच भाषेच्या काठीला धरून. काठी काढली की आपल्याला एक पाऊल टाकता येत नाही. म्हणजे आपण मास्तरीण नाहीच. चपलांची हजेरी घेणारी ती पोर, तीच आहोत अजून.

म्हणून झालं काय, की औषधवाल्यानं बाबांना घाबरवलं त्या संध्याकाळी तिला चक्क सुटल्यासारखं वाटलं. बाबाच नको म्हणाले तर आपल्याला तोंड दाखवायला जागा राहील. जायचं होतं हो, पण घरचे सोडेनात, असं आयुष्यभर सांगता येईल. सुटकेचा निःश्वास टाकला, आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःचाच राग आला. असली सुटका काय कामाची?

सुट्टीचा दिवस उजाडला. दुकानात उजेड चांगला म्हणून लॅपटॉप आरशाखालच्या फळीवर, कंगव्यांच्या शेजारी मांडला. आई, बाबा आणि आत्या मागच्या घरात पडद्याआड बसले. आवाज करायचा नाही अशी आत्याकडून खास शपथ घेतली होती.

लॅपटॉपवर वर्ग उघडला. बारीकशी खोली, आठ-दहा माणसं, एक नर्स अजून कामाच्याच कपड्यांत, एक तरुण ड्रायव्हर, पुढच्या रांगेत टाय लावून आलेले एक म्हातारे गृहस्थ. मोठ्या बाई कोपऱ्यात उभ्या. त्यांनी वर्गाला बजावून ठेवलं होतं, नव्या शिक्षिका म्हणतील ते मागोमाग म्हणा. मास्तरिणीनं जवळ होतं तेच सामान घेतलं. टॉवेल उचलला.

"धिस इज अ टॉवेल."

"धिस इज अ टॉवेल," वर्ग म्हणाला.

"म्हणजे, हा टॉवेल आहे."

"म्हणजे, हा टॉवेल आहे," वर्ग म्हणाला. एका सुरात, मनापासून.

आणि मास्तरिणीला त्यात काहीसुद्धा वावगं वाटलं नाही! वाटणार कसं? तिच्या कानांना वर्ग म्हणजे हाच सूर ठाऊक होता. रोज सकाळी सतरंजीवरून तो असाच यायचा. उलट तास छान चाललाय असं वाटून तिला हुरूप आला. कंगवा झाला, कात्री झाली, आरसा झाला. टायवाले गृहस्थ "हा कंगवा आहे" इतकं ठासून म्हणाले, की जणू त्यांना घरातल्या कुणी कंगवा नाकारला होता.

पडद्यामागून आधी एक फुसका आवाज आला. मग आईचं "गप्प बस ना" ऐकू आलं. मग आत्या शपथेबिपथेसकट फुटलीच. मास्तरिणीनं रागानं मागे पाहिलं, आणि मागे पाहता पाहता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. सातासमुद्रापलीकडची ती माणसं पैसे भरून, दिवसभराचं काम उरकून इंग्रजी शिकायला आली होती, आणि ती त्यांना आपली भाषा घोकायला लावत होती.

ती नुसती उभी राहिली, हातात कात्री. समोर वर्ग वाट बघतोय, कोपऱ्यातून मोठ्या बाई बघतायत, आरशात तिचं उघडं तोंड. संपलं, तिच्या मनात आलं. शेवटी टायवाल्या गृहस्थांना दया आली. बाई पुढचं विसरल्या असाव्यात म्हणून त्यांनी हळूच आठवण करून दिली, "म्हणजे?"

तिनं पडद्याकडे पाहून हाक मारली, "बाबा, बाहेर या."

बाबा पडद्यातून फक्त डोकं काढून म्हणाले, "मी? अगं, मला कुठं इंग्रजी येतं?"

"म्हणूनच या."

ते बाहेर आल्यावर तिनं त्यांना खुर्चीत बसवलं. बाबांनी जन्मभर लोकांना या खुर्चीत बसवलं होतं, स्वतः गिऱ्हाईक म्हणून कधी बसले नव्हते. त्यांचे केस चौकातला मित्र कापायचा. ते अवघडून बसले. तिनं त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि कानात सांगितलं, "काहीही विचारलं तरी 'यस, प्लीज' म्हणायचं. बाकी काही नाही." बाबांना हे समजायला वेळ लागला नाही. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं, हे तर त्यांना ठाऊकच होतं.

मग मास्तरिणीनं तोंड मिटलं. हात नुसता फळीवर ठेवला आणि भुवया उंचावून वर्गाकडे पाहिलं. सगळ्यात आधी नर्सला उमज पडली. "कोम, प्लीज," ती म्हणाली. मास्तरिणीनं मुद्दाम टॉवेल उचलला. "नो!" दोन-तीन जणांनी कल्ला केला. "कोम, प्लीज!" तेव्हा तिनं कंगवा घेतला आणि बाबांचे केस विंचरले. कात्री बाबांच्या कानाजवळ नेऊन बोटांनी दाखवलं, एवढे की एवढे? "शॉर्ट?" "यस, प्लीज," बाबा म्हणाले. ड्रायव्हर ओरडला, "व्हेरी शॉर्ट!" वर्ग हसला. मागचे थोडे केस खरंच उडाले. आता हुकूम तिकडून सुटत होते आणि ती नोकरासारखी धावत होती. टॉवेल, प्लीज. मिरर, प्लीज. कुणी चुकलं तर तीही चुकल्यासारखं करायची, की शेजारचा त्याला सुधारायचा. ती एक अक्षर आपल्या भाषेत बोलली नाही, आणि तसं बोलत नाही आहोत हे तिच्या लक्षातही राहिलं नाही.

रंगात येऊन तिनं गंमत करायची ठरवली. कात्री मिशांच्या डाव्या टोकाशी नेली आणि फार गंभीरपणे विचारलं, "मस्टॅश?"

"यस, प्लीज," बाबा दिलदारपणे म्हणाले. कशाला हो म्हणतोय याचा त्यांना पत्ता नव्हता.

लॅपटॉपमध्ये एकच गोंधळ उडाला. नर्स उभी राहिली. टायवाले गृहस्थ दोन्ही हात वर करून ओरडले, "नो, नो! स्टॉप! नॉट मस्टॅश! प्लीज, मिस, स्टॉप!" त्या आरडाओरड्यानं बाबा दचकले आणि त्यांनी मान वळवली. दिवसभर साऱ्या जगाला "हलू नका" सांगणारा माणूस ऐन वेळी स्वतः हलला. कात्री मिटली. मिशांचं डावं टोक, तेल लावलेलं, वळवलेलं, अलगद कापडावर येऊन पडलं.

बाबांनी कापडावर पाहिलं. मग आरशात पाहिलं. मग लॅपटॉपमधल्या त्या घाबरलेल्या माणसांकडे पाहिलं, आणि आपल्याला येत होतं तेवढं सगळं इंग्रजी ते सावकाश बोलले.

"यस, प्लीज."

पलीकडे हशा आणि टाळ्या, अलीकडे आत्या जमिनीवर. मास्तरीण हसताही येईना आणि रडताही येईना अशी उभी होती. तिच्या कानांत "स्टॉप" घुमत होतं. ते तिनं शिकवलं नव्हतं. तिच्या मागोमाग कुणी म्हटलं नव्हतं. त्या माणसांना काहीतरी सांगायचं होतं, आणि ते त्यांनी तिला इंग्रजीत सांगितलं होतं. सतरंजीवरच्या तिच्या वर्गात असं आजवर एकदाही झालं नव्हतं.

तास संपला, लॅपटॉप मिटला. ती दुसऱ्या खुर्चीत धपकन बसली आणि मग मात्र तिला रडू फुटलं. इतक्या दिवसांचं सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं. आरशापुढे अडलेलं तिसरं वाक्य, स्वतःबद्दलचा संशय, आणि बाबांनी नको म्हणावं म्हणून औषधवाल्याचे मनातल्या मनात मानलेले आभारही.

आईनं आधी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "आणि आम्ही इथे तुझ्या डाळीची काळजी करतोय! अगं, हे आधी नाही का सांगायचं? आम्ही काय गिऱ्हाईक आहोत, आमच्यासमोर हो ला हो करायला?"

मास्तरिणीच्या छातीवरचा दगड उतरला होता. किती दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोठ्या बाईंचा फोन आला. बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्याच, त्यांनी तासाबद्दलही मोकळेपणानं सांगितलं. पहिला अर्धा तास तुमच्या घरीच ठेवून या, दुसरा अर्धा तेवढा घेऊन या. नोकरी तुमची, हवी असली तर. आणि वर्गानं तुमचं नाव ठेवलंय. 'मिस म्हणजे' कधी येणार, असं विचारतायत. 'म्हणजे' या शब्दाचा अर्थ काय हो?

मास्तरीण पोटभर हसली. मग तिनं घरातल्या कुणाचं मत न घेता, जे खरोखर तोलायचं होतं ते बाईंना फोनवरच विचारून तोललं. खोलीला खिडकी आहे का, आजारी पडलं तर डॉक्टर किती लांब, वर्षभरानंतर पुढे काय, वर्गात माणसं किती. इतके दिवस हे प्रश्न बाकीचे विचारत होते आणि तिला ते ऐकूच येत नव्हते. खिडकी होती. डॉक्टर जवळ होते. वर्षानंतरचं मात्र मोठ्या बाईंनाही सांगता येईना, आणि तसं त्यांनी सरळ कबूल केलं. ते ऐकून तर तिला अधिकच बरं वाटलं. ती म्हणाली, "येते."

त्या दिवशी दुकान नेहमीसारखं उघडलं. एका बाजूची मिशी ठेवून हिंडणं शक्य नव्हतं, म्हणून बाबांनी सकाळीच वस्तरा घेऊन दुसरी बाजूही उतरवली होती. ओठाच्या वर नवीकोरी पांढुरकी जागा, जणू भिंतीवरून जुना फोटो काढलाय. आई म्हणाली, बरे दिसता. आत्याला काही म्हणण्याच्या आत हसू आलं.

पहिला आला तो नेमका विमावाला. खुर्चीत बसला, कापड बांधून घेतलं, आणि सुरू झाला. "मग काय ठरलं मुलीचं? माझं ऐका, नका पाठवू. तरुण मुलगी, परका मुलूख. उगाच नसती जोखीम."

मास्तरीण पडद्यामागे टॉवेलांच्या घड्या करत होती. तिचे हात थांबले. आता "बरोबर आहे" येणार, हे तिला पाठ होतं.

बाबांची कात्री चालायची थांबली. त्यांनी कंगवा फळीवर ठेवला. मग म्हणाले, "नाही. तुम्ही म्हणता ते बरोबर नाही. ती जाणार. हलू नका."

विमावाला आरशात पाहतच राहिला. सलूनमध्ये त्याला कुणी नाही म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती. मग त्याचं लक्ष आरशातल्या बाबांच्या तोंडाकडे गेलं. "अहो, पण मिशा कुठे गेल्या तुमच्या?"

"तासाला गेल्यात," बाबा म्हणाले, आणि सवयीनं त्यांचा हात ओठांकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. तरी त्यांनी ताव मारला.